हौसाने सोडलेलं साल

हौसा आग्रेला कुणी वय विचारलं तर ती स्वतःचं सांगत नाही, बागेचं सांगते. "सुलेमानभायच्या बागेत आली तवा ही कलमं माझ्या कमरेएवढी व्हती," असं म्हणून ती वर शेंड्याकडे बोट दाखवते आणि पुढचं गणित विचारणाऱ्यावर सोडून देते. कलमं आता दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी हाताला लागत नाहीत. हौसा मात्र तेवढीच राहिली, पाच फुटांच्या आतली, काटक, आणि बोलण्यात समोरच्याला कधी जिंकू न देणारी.

गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की कातळाचा एक उतार लागतो. तिथे पूर्वी कुसळांखेरीज काही उगवत नव्हतं. सुलेमान मुजावरने कुवेतला वीस वर्षं काढून तो कातळ विकत घेतला, सुरुंग लावून खड्डे केले आणि त्यात दुसरीकडून आणलेली माती भरून हापूस लावला. गाव त्याला हसलं होतं. त्या खड्ड्यांत डोक्यावरून पाणी आणून घालायला ज्या बायका लागल्या, त्यांतली हौसा एक. बाकीच्या आल्या नि गेल्या. हौसा राहिली, कारण नवरा रामा मुंबईला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होता आणि घरात बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिचं नाव झालं ते कल्टारमुळे. आंब्याच्या गावात न वाढलेल्या माणसाला हे थोडं समजावून सांगायला हवं. आंब्याचं झाड आपल्याच अंगात एक रस तयार करतं, आणि तो रस झाडाला सारखं सांगत राहतो की वाढ, पालवी फोड, आणखी वाढ. झाड असं वाढण्यातच रमलं तर मोहोर येत नाही. कल्टार हे औषध तो रस बनू देत नाही. झाड वाढायचं थांबतं आणि नाइलाजाने मोहोराच्या मागे लागतं. पावसाचा जोर थोडा ओसरला की बुंध्याभोवती गोल रिंगण धरून पहारीने भोकं पाडायची आणि त्यांत मापाने औषध ओतायचं. काम सोपं दिसतं. पण माप चुकलं तर झाड खुरटतं, पानांचे झुबके होतात, आणि मग दोन-तीन वर्षं त्या झाडाकडे बघवत नाही.

पहिल्यांदा हे काम हरिश्चंद्र नावाच्या गड्याकडे होतं. तो सगळ्या झाडांना एकाच मगाने औषध घाली. हौसाने त्याला विचारलं, "घरात नातवाला नि आज्याला भात सारखाच वाढतोस काय रे?" हरिश्चंद्राने तिला आपलं काम बघायला सांगितलं. त्या साली खालच्या दोन ओळी खुरटल्या. पुढच्या साली सुलेमानने तो औषधाचा मग हौसाच्या हातात दिला.

तिने झाडाचा घेर पावलांनी मोजून माप ठरवायला सुरुवात केली. आणि एक नियम स्वतःचा घातला. तीन वर्षं औषध दिलं की चौथ्या वर्षी झाड सोडायचं. कल्टार नाही, फक्त शेणखत आणि देखरेख. ती त्याला 'सोडलेलं साल' म्हणे. सुलेमान आधी कुरकुरला, कारण सोडलेल्या झाडाला त्या साली आंबा बेताचाच येई. पण आजूबाजूच्या बागा दरवर्षी औषध ओतून दहा-बारा वर्षांत थकल्या आणि सुलेमानची बाग हिरवीगार राहिली, तेव्हा लांबलांबचे बागायतदार हौसाला विचारायला येऊ लागले. नियम खरा ठरला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

एवढं सगळं खरं ठरलेल्या बाईला आपण चुकू शकतो हे कसं सुचावं? रामा आता निवृत्त होऊन गावी आला आहे. तो पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण 'माझं चुकलं' हे दोन शब्द या बाईच्या तोंडून अजून ऐकायचे आहेत. हौसा आतून उत्तर देते की चुकल्याशिवाय कशाला बोलायचे.

दोन हजार एकवीसच्या आंब्याच्या दिवसांत तिला अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती. पेट्या भरायचे दिवस होते, म्हणून तिने ती गोष्ट मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली आणि शेवटचा आंबा उतरल्यावर रामाला सांगितली. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, केस गेले, परत आले. या सगळ्यात ती फारशी बोलली नाही. रामा मात्र सकाळ-संध्याकाळ पेज करायला शिकला, आणि ती पेज बरी झाली असं तिने एकदाही म्हटलं नाही, हेही त्याने लक्षात ठेवलं.

सगळं आटोपल्यावर रत्नागिरीच्या कर्करोगाच्या डॉक्टर नबीला परकार यांनी तिला समोर बसवलं. डॉक्टर पस्तिशीच्या, मूळच्या खेडकडच्या, घरी आंब्याची चार झाडं असलेल्या. त्यांना घाईत बोलायची सवय नव्हती.

"मावशी, सगळ्या गाठी सारख्या नसतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाठीच्या पेशींना बाईच्या अंगातला हार्मोन लागतो. पेशींवर त्याला धरून ठेवणाऱ्या जागा असतात. हार्मोन तिथे येऊन बसला की पेशीला आत हुकूम जातो, वाढ, एकाचे दोन हो. तुमच्या शंभर पेशींतल्या नव्वदांवर अशा जागा सापडल्या."

"माजी पाळी जाऊन आठ वर्सं झाली," हौसा म्हणाली.

"पाळी गेली तरी अंगातली चरबी थोडा थोडा हार्मोन बनवत राहते. गाठीतून सुटलेली एखादी पेशी कुठे दडून बसली असेल, तर तिला तेवढा पुरतो. ही गोळी तो बनूच देत नाही. रोज एक, पाच वर्षं."

हौसाने गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली. "म्हंजे कल्टार," ती म्हणाली.

डॉक्टरांना हसू आलं. "अगदी कल्टार. मला हे आजवर सुचलं नव्हतं." मग त्यांनी अहवालातली आणखी एक ओळ दाखवली. काही गाठी हार्मोनवर नाही, वाढीच्या दुसऱ्याच घटकांवर जोर धरतात. त्यांच्या पेशींवर त्या घटकांच्या हुकमाच्या जागा गर्दी करून असतात. हौसाच्या पेशींवर तशी गर्दी नव्हती, आणि हे चांगलं होतं. हौसाने मान हलवली, पण तिच्या डोक्यात कल्टारच राहिलं होतं. हॉस्पिटलातलं सगळं परकं, त्यात एक गोष्ट आपल्या ओळखीची निघाली, याचा तिला आनंद झाला होता. घरी येऊन तिने रामाला गोळीचं काम इतकं नीट समजावलं की त्याला वाटलं, हिने ती स्वतःच शोधली आहे.

अडीच वर्षं तिने गोळी चुकवली नाही. पण त्या गोळीने सांधे धरले. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नसत. आधी ती गरम पाण्यात हात बुडवून बसे, मग मूठ वळे. चोवीसच्या जुलैत कल्टारचे दिवस आले तेव्हा पहार तिच्या हातातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ती हरिश्चंद्राच्या पायाजवळ पडली. तो पहार उचलून स्वतः भोकं पाडू लागला. हौसाला ते फार लागलं.

त्या दिवशी ती बागेच्या मधल्या ओळीपाशी येऊन थांबली. त्या ओळीचं ते सोडायचं साल होतं. तीन वर्षं औषध पिऊन झाडं दमली होती, आणि आता त्यांना कुणी त्रास देणार नव्हतं. हौसा मनाशी म्हणाली, मलापण तिसरं वर्षच चाललंय. कल्टारला एक साल सोडतात, झाड मरत नाही, उलट जोर धरतं. तिने दुसऱ्या दिवसापासून गोळी घेतली नाही. कुणाला सांगितलंही नाही, कारण विचारायचं कशाला, हा तिचाच तर विषय होता. दर महिन्याला गोळ्या घरात येत होत्या आणि ती रोज एक काढून चुलीत टाकत होती, म्हणजे पट्टी रिकामी होताना रामाला दिसावी.

दोन महिन्यांत बोटं मोकळी झाली. जानेवारीतल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "गोळी नियमित?" हौसा म्हणाली, "व्हय तर." तपासणीत काहीच निघालं नाही. ती एसटीतून परतली ती मनातून फुगूनच. सोडलेलं साल माणसालाही लागू पडतं, हे तिने सिद्ध केलं होतं.

एवढ्यावर ती थांबली असती तर तिचं तिने भोगलं असतं. पण शहाणपण हाती लागलं की ते वाटावंसं वाटतंच. समोरचं खळं, म्हणजे अंगण, ओलांडलं की तिच्या धाकट्या दिराचं घर आहे. दीर मुंबईला, घरात जाऊ सावित्री, वय चव्वेचाळीस. सावित्रीलाही एका वर्षापूर्वी तसलीच गाठ निघाली होती. दोघी जावा, रक्ताचं नातं नाही, त्यामुळे गावातल्या बायका घराच्या जागेला दोष देत होत्या. सावित्रीलाही हार्मोनचीच गोळी होती, फक्त वेगळी. तिची पाळी अजून गेली नव्हती, म्हणून तिची गोळी हार्मोनला अडवत नव्हती, हार्मोन ज्या जागी बसतो त्या जागाच आधी अडवून बसत होती. त्या गोळीने सावित्रीच्या अंगातून दिवसातून दहा वेळा वाफा निघत. बाजारात, देवळात, पंगतीत, कुठेही ती एकदम लाल होई आणि पदराने वारा घेई.

"चुलीवर भाजी शिजते का मीच शिजते, कळत न्हाय बघ, वयनी," सावित्री एकदा म्हणाली. म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हौसाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, "एक साल सोड. मी सोडलंय. माजं सगळं चांगलं निघालं. कुनाला बोलू नको." सावित्रीने त्याच आठवड्यात गोळी थांबवली.

पंचवीसच्या जूनमध्ये हौसाला डाव्या काखेत काहीतरी लागलं. आवळ्याच्या बीएवढं, टणक, बोटाखालून न सरकणारं. या वेळी ती आठ दिवसही थांबली नाही. सुईने तुकडा काढून तपासायला गेला, सगळ्या अंगाचं स्कॅन झालं. जुलैच्या पहिल्या गुरुवारी डॉक्टर नबीलांनी अहवाल उघडला. रामा बाहेर बाकावर होता. हौसानेच त्याला आत येऊ दिलं नव्हतं.

"मावशी, ते परत आलंय," डॉक्टर म्हणाल्या. "काखेपुरतंच आहे, दुसरीकडे कुठे दिसत नाही. पण एक गोष्ट विचारते, मला खरं सांगा. गोळी घेत होता?"

 हौसाने सगळं सांगितलं. पहार, मधली ओळ, सोडलेलं साल, चुलीत गेलेल्या गोळ्या. सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कारण तो बदलू द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कल्टार तुम्ही म्हणालात, आणि मी हसून 'अगदी' म्हणाले," त्या म्हणाल्या. "कुठपर्यंत कल्टार आणि कुठे नाही, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांधे दुखतील हेही नीट सांगायला हवं होतं. दुसरी गोळी देता आली असती."

"माज्या डोसक्यात तुमी काय घालनार? ते आदीच भरलेलं व्हतं," हौसा म्हणाली.

मग डॉक्टरांनी अहवाल समजावला. पेशी पहिल्यासारख्या राहिल्या नव्हत्या. तेव्हा शंभरातल्या नव्वद हार्मोनवर जगत होत्या, आता तीस. आणि वाढीच्या दुसऱ्या घटकाच्या हुकमाच्या जागा, ज्या तेव्हा नव्हत्या, त्या आता गच्च भरल्या होत्या. एक वाट सोडून त्यांनी दुसरी धरली होती. गोळी चालू असतानाही कधी कधी असं होतं, डॉक्टर म्हणाल्या, त्यामुळे सोडलं म्हणूनच झालं असं त्या छातीठोकपणे सांगणार नव्हत्या. पण वर्षभर मोकळं रान मिळालं, तेव्हा पेशी वाढल्या, आणि वाढता वाढता बदलल्या, हे जास्त संभवत होतं.

हौसा खिडकीबाहेर बघत होती. हॉस्पिटलच्या आवारात एक रायवळ आंबा होता. त्याच्या वरच्या फांदीवर बांडगूळ वाढलं होतं, झाडाच्या पानांपेक्षा हिरवं. असं बांडगूळ तिने बागेत हजारदा कोयत्याने छाटलं होतं. झाडाला चिकटून झाडाचाच रस पितं, आणि झाड वाळलं तरी त्याचं पान हलत नाही.

"झाडाला इसावा दिला असं वाटलं मला," ती म्हणाली. "इसावा बांडगुळाला मिळाला."

 डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. काखेचं ऑपरेशन, मग दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, जे त्या नव्या जागा अडवतं, आणि सोबत हार्मोनची दुसरी गोळी. करण्यासारखं पुष्कळ होतं. पहिल्या वेळेसारखी खात्री मात्र त्या देऊ शकत नव्हत्या. हौसाने ऐकून घेतलं. मनातून ती घाबरली होती, पण ती भीती तिला उचलता येण्यासारखी होती. जी उचलवत नव्हती ती वेगळीच होती.

"म्याडम," उठता उठता तिने विचारलं, "आनी कुनी अशीच गोळी सा म्हयनं सोडली आसंल, तर?"

"कुणी?"

"आसंच इचारत्ये."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तर आजच सुरू करायची," त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या गुरुवारी मला येऊन भेटायचं. उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही. पण आज म्हणजे आज."

घरी जाताना एसटीत रामा काहीबाही विचारत होता. हौसाने त्याला काखेचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. तो रडला नाही, फक्त तिची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला. सावित्रीचं तिने त्यालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण या मुठीत आता दुसऱ्याच्या घरातला जीव अडकला होता. वाटेत तिने मनात बरंच जुळवून बघितलं. डॉक्टरांनी नवा नियम काढलाय असं सांगावं. किंवा जुनी गोळी चांगली असते असं पेपरात आलंय म्हणावं. यात तिचं नाव कुठेच येत नव्हतं.

सावित्री पडवीत टाकळ्याची पालेभाजी निवडत बसली होती. बाहेर पाऊस संथ पडत होता. हौसा छत्री मिटून तिच्यासमोर बसली.

"सावित्री, गोळ्या परत चालू कर."

"का गो वयनी? आजून सा म्हयनं ऱ्हायल्यात माज्या सालाचं."

"डागतरीनबाय बोलली. सोडायच्या न्हाय म्हनून."

"डागतर आसंच बोलतात," सावित्री म्हणाली आणि हसली. तिचा चेहरा खरंच सुधारला होता. गालांवर रंग होता, झोप पुरी झालेली दिसत होती. "तू सोडलंस, तुला काय झालं? तूच बोललीस, सगळं चांगलं निघालं म्हनून. त्या वाफा परत नकोत बघ मला. सा म्हयनं मानसात आल्यासारखी हाय मी."

हौसाने पेपरातलं सांगून बघितलं. सावित्रीने टाकळ्याची दोन देठं मोडली आणि म्हणाली की पेपरात काय, काहीही येतं. तिचा हौसावरचा विश्वास असा पक्का होता की आता खुद्द हौसालाच तो मोडता येईना. तीस वर्षं मिळवलेलं नाव तिच्याच आडवं आलं होतं.

मग हौसाने सावित्रीचा उजवा हात धरला. तो ओला होता, त्याला टाकळ्याचा वास होता. तिने तो आपल्या पोलक्याच्या बाहीतून डाव्या काखेत नेला आणि बोटं त्या जागेवर दाबली.

सावित्रीला सांगावं लागलं नाही. तसली गाठ तिने स्वतःच्या अंगावर चाचपलेली होती. तिने हात झटकन मागे घेतला आणि पदराला पुसला, मग पुसल्याची लाज वाटून तो परत हौसाच्या गुडघ्यावर ठेवला.

"परत?"

"परत. आनी पयल्यावानी न्हाय. बदललीय. आता ती गोळी तिला पुरायची न्हाय." हौसा थांबली. पुढचे शब्द तिला सवयीचे नव्हते. "माजं चुकलं, सावित्री. माजं मी चुकली ते चुकली, तुला पन वढली."

 सावित्री रडेल, ओरडेल, नवऱ्याला फोन लावेल, असं सगळं हौसाने धरलं होतं, आणि त्यातलं काहीही ती ऐकून घेणार होती. सावित्रीने टाकळ्याची पाटी बाजूला सारली.

"तू सांगितलंस म्हनून न्हाय सोडल्या मी," ती म्हणाली. "मला सोडायच्याच व्हत्या. पयल्या म्हयन्यापासून. कुनीतरी सोड म्हनायची वाट बघत व्हती. तू बोललीस, मंग बरं वाटलं."

"तेच तर," हौसा म्हणाली. "तू जिच्याकडं बघून पाऊल टाकशील, तिनं तरी नीट चालायला नको?"

सावित्री आत गेली. तिनेही गोळ्या आणणं थांबवलं नव्हतं, नवऱ्याला कळेल या भीतीने. सहा महिन्यांच्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात कागदाखाली नीट रचलेल्या होत्या. तिने एक गोळी काढली आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर हौसाच्या समोर गिळली. गिळताना तिने डोळे मिटले होते. हौसा ती पुरती खाली जाईपर्यंत बघत बसली, आणि मग दोघींनी मिळून उरलेला टाकळा निवडला.

पुढच्या गुरुवारी त्या दोघी एसटीने रत्नागिरीला गेल्या. हौसाने सावित्रीला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "ही ती कुनी." डॉक्टर नबीलांनी दोघींकडे बघितलं. वाफांना थोडा उतार पडेल असं औषध त्यांनी आधी लिहून दिलं, मग सावित्रीला तपासलं. हाताला काही लागत नव्हतं. बाकीच्या तपासण्या करायच्या होत्या, आणि त्यांत काय निघेल हे त्या दिवशी कुणी सांगू शकत नव्हतं.

हौसा रोज सकाळी खळं ओलांडून जायला लागली. सावित्री चहा ठेवी, गोळी घेई, मग दोघी चहा पीत. कधी हौसाला सुलेमानच्या बागेकडे जायची घाई असे, तेव्हा ती उभ्यानेच बघून जाई. या साली औषधाचा मग तिने हरिश्चंद्राच्या हातात दिला होता. तो आता झाडाचा घेर पावलांनी मोजतो, आणि ती बांधावर बसून त्याची पावलं मोजते. सावित्रीच्या वाफा परत सुरू झाल्या. ती शिव्या घाली, कधी हौसाला, कधी गोळीला, आणि तरी गोळी घेई.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटेच्या गाडीने जायचं होतं. रामा पिशवी घेऊन रस्त्याला पुढे गेला. हौसा सावित्रीच्या पडवीत आली तेव्हा चुलीवर आधण नुकतंच ठेवलेलं होतं.

"आज तरी सुट्टी घ्यायची," सावित्री म्हणाली. "पाच वर्सं अशी रोज येनार हायस काय?"

बोलून झाल्यावर तिला आपण काय विचारलं ते कळलं. तिने चुलीत उगीचच एक लाकूड सारलं. हौसा तिच्याजवळ खाली बसली. तिलाही ते कळलं होतं.

"येईन," ती म्हणाली. "पन तू माजी वाट बघत थांबू नको. मी न्हाय आली, तरी येळ झाली की घे."

सावित्रीने मान हलवली. मग तिने डब्यातून गोळी काढली, आणि हौसा बघत असताना ती घेतली.